कार्बनचं मडगार्ड आणि हगर बसवताना: आधी भोक बघा, कडेला नंतर हात लावा

कार्बन फायबरचा पार्ट पहिल्यांदा घरी आला की पहिली दहा मिनिटं तो नुसता उन्हात फिरवून बघण्यात जातात. मग मोटरसायकलला लावायला घेतला की कळतं, डावीकडची दोन भोकं बरोबर जुळतायत आणि उजवीकडची दोन-तीन एमएम पुढे गेलीयत, किंवा भोकं सगळी जुळतायत पण कड फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांना घासतेय. घाबरू नका आणि विकणाऱ्याला लगेच शिव्या पण घालू नका. गाडीबरोबर येणारा प्लास्टिकचा पार्ट मशीनमध्ये दाबून निघतो, हजारावा पीस पण पहिल्यासारखाच. कार्बनच्या पार्टला कोणीतरी साच्यात हाताने कापड अंथरलेलं असतं, रेझिन (सुकून कडक होणारा चिकट द्रव) बसवलेलं असतं, सुकल्यावर बाहेर काढून कडा पण हातानेच कापलेल्या आणि भोकं पण हातानेच पाडलेली. त्यात एक-दोन एमएम इकडेतिकडे होणारच, म्हणजे चांगल्या मालात पण होतं, स्वस्तातल्या मालात जास्त होतं एवढंच.

मी हे सगळं शिकलो ते माझ्या केटीएम ३९० ड्यूकवर. गाडी चाकणला बनलेली, फिरते पण बहुतेक पुण्यातच, त्यामुळे उदाहरणं तिचीच देतो, पण पुढचं मडगार्ड आणि मागचा हगर (मागच्या टायरला लागून बसणारं छोटं मडगार्ड) हे दोन पार्ट कुठल्याही गाडीवर साधारण अशाच पद्धतीने बसतात. आणि सुरुवातीलाच सांगतो, पहिलं मडगार्ड मी वाया घालवलं. फोर्कच्या पायाला आतून घासत होतं म्हणून मापं न घेता सरळ ६ एमएम कड उडवून टाकली, मस्त बसलं, खूश झालो. दोन दिवसांनी जुनं मडगार्ड माळ्यावर टाकताना त्यातून टण्णकन काहीतरी खाली पडलं, बघतो तर चार छोटे धातूचे बुश, म्हणजे बोल्टच्या भोकात बसणाऱ्या नळ्या. ते जुन्यातून काढून नव्यात घालायचे असतात हेच मला माहीत नव्हतं, बुश नाहीत म्हणून नवीन मडगार्ड आत दबून बसत होतं आणि घासत होतं. बुश घातल्यावर जागेवर आलं, पण आता एका बाजूला ६ एमएमची फट, आणि कार्बन काही परत वाढत नाही.

म्हणून कड कापणे हा सगळ्यात शेवटचा उपाय. दहातल्या आठ वेळा अडचण कडेत नसतेच, ती भोकात असते किंवा भोकातल्या बुशमध्ये असते.

कापायच्या आधी

पार्ट उलटा करून मागची बाजू बघा. मागून पण तेच काळं विणकाम दिसत असेल तर पूर्ण कार्बन. मागून पांढरट-हिरवट धागे दिसले तर आत ग्लास फायबर आणि वर कार्बनचा एकच थर आहे. मडगार्डला ते काही वाईट नाही, फक्त कापल्यावर कड पांढरी दिसणार, त्याचा उपाय पुढे सांगतो. आणि मागून प्लास्टिकच दिसलं, वरचा पॅटर्न नखाने खरवडल्यावर निघाला तर ते कार्बन नाहीच, स्टिकर किंवा प्रिंट आहे, मग ही सगळी मेहनत कशाला, सरळ परत पाठवा. परत पाठवायचं असेल तर आत्ताच, कारण एकदा ब्लेड लागलं की कोणी परत घेत नाही. बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

वजनाचं म्हणाल तर हसून सोडून द्या. कार्बन-एपॉक्सीची (एपॉक्सी म्हणजे त्यातलं रेझिन) घनता साधारण १.६, गाडीच्या एबीएस प्लास्टिकची १.०५ च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच जाडीचा तुकडा घेतला तर कार्बनच जड भरेल! कार्बन कडक असतं म्हणून पातळ बनवता येतं, मडगार्ड दीड-दोन एमएमचं असतं, आणि त्यातून काही ग्रॅम वाचतात. तेवढे एक वडापाव कमी खाल्ला तरी वाचतील. आपण दिसायला लावतोय, मान्य करून टाकू.

आता ड्राय फिट, म्हणजे पक्कं न आवळता आधी नुसतं लावून बघणं. जुना पार्ट काढायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, ब्रेकचा होज कुठून जातो, एबीएस ब्रेकच्या सेन्सरची वायर कुठल्या क्लिपात आहे, कुठल्या बोल्टखाली वायसर आहे कुठल्याखाली नाही. बुश, रबर ग्रोमेट (भोकात बसणाऱ्या रबरी रिंगा), क्लिपा सगळं जुन्यातून काढून नव्यात. मग सगळे बोल्ट हाताने, पान्हा न लावता, दोन-तीन आटे फक्त धरवायचे. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर शेवटचा जुळणारच नाही, आणि मग माणूस काय करतो, तर पार्ट ओढून वाकवून बोल्ट घालतो. प्लास्टिक हे सहन करतं, कार्बन करत नाही, ते ताणात बसतं आणि मग ताम्हिणीच्या एखाद्या खड्ड्यात बोल्टच्या भोवती केसाएवढी चीर जाते. त्याच कारणाने हीटगन पण विसरा. एबीएसचं पॅनल गरम करून वाकवता येतं म्हणून लोक इथे पण तेच करतात, पण एपॉक्सी एकदा सेट झाली की ती वितळून नवा आकार घेत नाही, फार तर मऊ पडेल, थर सुटतील आणि क्लिअर कोटला, म्हणजे वरच्या पारदर्शक थराला फोड येतील.

पार्ट कुठे अडतोय ते डोळ्याने कळत नाही, त्यासाठी शाळेतला पांढरा खडू. ज्या भागाला घासायची शंका आहे, म्हणजे फोर्कचा पाय, ब्रेकच्या कॅलिपरची बाजू, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), तिथे खडू ओला करून दाट फासा, सुकू द्या, पार्ट लावा, थोडा हलवा, काढा. पार्ट काळा असल्यामुळे पांढरा डाग बरोबर उठून दिसतो, आणि अडचण नेमकी कुठे आहे ते कळतं. माझ्या हगरला मला वाटत होतं पुढचं टोक लागतंय, डाग निघाला बाजूच्या ओठावर, जिथे मी बघतच नव्हतो.

भोक ओढणे

डाग मिळाला की आधी हा प्रश्न विचारा: पार्ट २ एमएम डावीकडे, वर किंवा मागे सरकला तर घासायचं थांबेल का? बहुतेक वेळा थांबतं. मग कड कापायची गरजच नाही, भोक लांबट करायचं. बोल्टच्या डोक्याखाली मोठा वायसर येणार असतो, त्यामुळे लांबट भोक कोणाला दिसत पण नाही.

यासाठी बारीक गोल कानस पुरते. कानस पुढे ढकलताना घासायची, मागे ओढताना उचलायची, आणि दिसणाऱ्या बाजूकडून आत ढकलायची म्हणजे वरचा थर सुटणार नाही. अर्धा एमएम घासा, लावून बघा, परत अर्धा. कंटाळवाणं आहे, पण इथे घाई केली की भोक बोल्टपेक्षा एवढं मोठं होतं की वायसर पण झाकत नाही. एम६ च्या, म्हणजे ६ एमएम जाडीच्या बोल्टला भोक ७ एमएमचं तरी हवंच, रबर ग्रोमेट घालणार असाल तर ग्रोमेटच्या मापाने. बोल्टला टाइट बसणारं भोक कार्बनमध्ये नको, गाडीचा थरथराट सगळा त्या कडेवर येतो. आणि भोकाच्या मध्यापासून पार्टच्या कडेपर्यंत भोकाच्या दुप्पट-तिप्पट तरी अंतर उरलं पाहिजे, म्हणजे ७ च्या भोकाला १४ ते २१ एमएम. त्यापेक्षा कमी राहणार असेल तर ओढू नका, ते भोक बुजवून नवीन पाडा. बुजवायचं कसं ते पुढे येतं.

धूळ, हा भाग वगळू नका

मी पहिल्यांदा हे काम गॅलरीत केलं, रोटरी टूलने, तोंडाला रुमाल बांधून. दोरीवर कपडे वाळत होते. त्यानंतर दोन दिवस मी हाताला आणि मानेला खाजवत होतो, आणि आई सगळे कपडे परत धुताना जे काय बोलली ते इथे लिहित नाही.

कार्बनचा एक धागा ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा असतो, आपला केस त्याच्या दहापट. कापल्यावर त्याचे तुकडे हवेत उडतात, कातडीत टोचतात, डोळ्यात जातात, आणि रेझिनची भुकटी त्याहून बारीक असते, ती थेट छातीत. रुमालाने, सर्जिकल मास्कने काही होत नाही. कमीत कमी एन ९५, नाकाला नीट दाबून बसवलेला, दाढी असेल तर तो बसतच नाही हे लक्षात ठेवा. गॉगल सगळ्या बाजूंनी बंद असलेला, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, नायट्राइलचे ग्लोव्ह्ज. काम झाल्यावर आधी थंड पाण्याने हात धुवायचे, घासायचे नाहीत, आणि तो शर्ट घरच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकायचा नाही.

दुसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते, कार्बनच्या धुळीतून करंट जातो. ड्रिल मशीनच्या मोटरमध्ये गेली तर आत ठिणग्या उडतात आणि मशीन जळू शकते, गाडीच्या उघड्या कनेक्टरमध्ये गेली तर वेगळाच ताप. म्हणून गाडीवर पार्ट लावलेला असताना कधीही घासू नका, काढा, गाडीपासून लांब न्या, मग घासा. आणि जमेल तेवढं ओलं काम करा. एका बादलीत पाणी, दोन थेंब भांड्याचा साबण, वॉटर पेपर आणि कानस त्यात बुडवून घासायची, धूळ उडतच नाही, चिखल होतो, तो फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं. विजेचं टूल मात्र पाण्यात नाही अर्थात, तिथे कोणीतरी शेजारी स्प्रेच्या बाटलीने फवारा मारत उभं राहिलं तर बरं, आणि मशीनला पाणी लागणार नाही एवढं भान ठेवून.

फक्त एक करा, हाताने कानस मारताना पडलेली सुकी काळी भुकटी चमचाभर एका छोट्या डबीत ठेवा. पुढे लागणार आहे.

कापणे

समजा सगळं करून झालं, भोकं ओढली, बुश बघितले, तरी कड लागतेय. मग कापा.

कापायच्या जागेवर, आणि तिच्या आजूबाजूला दोन्हीकडून इंचभर, मास्किंग टेप लावा, पुढून पण आणि मागून पण. टेपचे दोन फायदे, धागे फुटत नाहीत आणि काळ्यावर रेघ दिसत नाही ती पिवळ्या टेपवर दिसते. रेघ मारायला पुठ्ठ्याचा साचा बनवा, घरात लग्नपत्रिका पडलेल्या असतातच, त्यांचा जाड कागद यासाठी एक नंबर, वाकतो पण आणि धार पण धरतो. एका बाजूचा आकार पक्का झाला की तोच साचा उलटा करून दुसऱ्या बाजूला, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. नुसत्या नजरेने दोन बाजू सारख्या कापणारा माणूस मी अजून बघितला नाही.

कापायला काय वापरायचं? पत्रा कापायची कात्री अजिबात नाही, ती कापत नाही, चिरडते, आणि थर सुटतात. मोठा ग्राइंडर ज्याचा हात बसलाय त्यानेच, आपण नाही. रोटरी टूल आणि छोटी डायमंड डिस्क हे सगळ्यात सोपं, पुण्यात रविवार पेठेत किंवा मुंबईत नागदेवीला हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते. मशीन नसेल तर बारीक दाताचं हॅक्सॉ ब्लेड, इंचाला ३२ दात असलेलं, नुसतं ब्लेड हातात धरून एका टोकाला टेप गुंडाळून. वेळ लागतो, पण सरळ रेघेला ब्लेडच जास्त ताब्यात राहतं असं माझं मत आहे, डिस्क एकदा घसरली की क्लिअर कोटवर जो ओरखडा जातो तो जन्मभर दिसतो.

रेघेवर कापायचं नाही, रेघेच्या बाहेर १ एमएम ठेवून कापायचं आणि तो १ एमएम पेपरने घासून न्यायचा. डिस्क दाबायची नाही, तिच्या वजनाने जाऊ द्यायची. गोड-जळकट वास आला म्हणजे रेझिन जळतंय, थांबा, गार होऊ द्या. आतल्या बाजूचा कोपरा असेल, म्हणजे खाच मारायची असेल, तर आधी कोपऱ्यात ५-६ एमएमचं गोल भोक पाडा आणि तिथपर्यंत येऊन थांबा, टोकदार कोपरा ठेवला तर चीर तिथूनच सुरू होणार.

घासायला पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून, १८० पासून सुरू करून ४०० वर थांबा, कडेच्या रेघेच्या दिशेने घासा, आडवा नाही. आडवा घासला की धागे बाहेर खेचले जातात आणि कड केसाळ दिसते. शेवटी कडेचा टोकदारपणा दोन्हीकडून हलकाच मारा, नाहीतर पुढच्या वेळी गाडी धुताना बोट कापणार आहे, कार्बनची कुसळ लाकडाच्या कुसळीपेक्षा वाईट, चिमट्याने धरली की तुटते.

एक सावधगिरी. हे सगळं मडगार्ड, हगर, टँकचे साइड पॅनल, बेली पॅन, हील गार्ड असल्या दिखाऊ पार्टसाठी आहे. कार्बनचा हँडल, रिअरसेट (पाय ठेवायचे फूटपेग), व्हील, स्विंगआर्म, म्हणजे ज्याच्यावर तुमचा जीव आहे असं काहीही, त्याला ना कानस लावायची ना ड्रिल. जुळत नसेल तर परत.

नवीन भोक पाडायचं असेल तर

सेंटर पंच ठोकू नका. लोखंडाला खड्डा पडतो, कार्बनला आतून तडा जातो आणि तो दिसत नाही. टेप लावा, खूण करा, मागे लाकडाचा तुकडा घट्ट क्लॅम्प करा, आणि दिसणाऱ्या बाजूने सुरू करा. मागे लाकूड नसेल तर बिट बाहेर पडताना मागचा थर फाडत निघतो, शंभर टक्के. आधी २ किंवा ३ एमएम, मग वाढवत. बिट नवीन हवा, घरातला भिंतीत वापरलेला नाही. साधा एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचा) बिट पाच-सहा भोकांत बोथट होतो, कार्बाइडचा मिळाला तर उत्तम. स्पीड जास्त, दाब कमी, आणि शेवटच्या अर्ध्या एमएमला तर जवळजवळ दाब नाहीच. शेवटच्या मापाला मी गोल कानसच वापरतो, ड्रिलने नाही.

चुकीचं भोक बुजवायला ती डबीतली भुकटी काढा. हळू सेट होणारी एपॉक्सी, दोन्ही भाग बरोबर मापात, त्यात भुकटी मिसळून दाट काळी पेस्ट करायची, भोकाच्या पुढच्या बाजूने टेप लावून मागून भरायची, २४ तास हात लावायचा नाही. थंडीत जास्त. पावसाळ्यात एपॉक्सीवर एक चिकट मेणासारखा थर येतो, हवेतल्या ओलाव्यामुळे, तो साबणाच्या पाण्याने आणि स्क्रबरने काढूनच पुढे घासा, नाहीतर पेपर भरून जातो आणि वर मारलेला कोट पण धरत नाही. तिथलं विणकाम जुळणार नाही हे खरं, पण वायसरखाली जाईल.

कड बंद करणे

कापलेली कड तशीच सोडली तर पाणी धाग्यांच्या बाजूने आत शिरतं, आणि मग एक-दोन पावसाळ्यात कडेपासून थर सुटायला लागतात. पार्ट विकतच असा येतो कधीकधी, म्हणून न कापलेल्या कडा पण बघून घ्या.

कड पांढरी दिसत असेल तर काळा परमनंट मार्कर फिरवा, सुकू द्या. मग पातळ सुपर ग्लू, म्हणजे आपलं फेव्हिक्विक टाइप, कडेवरून थेंब थेंब ओढत न्या, ते आपोआप आत शोषलं जातं. एक हात, सुकलं की दुसरा, मग ८०० च्या ओल्या पेपरने हलकं. रेझिन असेल तर पातळ एपॉक्सी जास्त टिकते, पण मडगार्डच्या कडेला मी ग्लूच वापरतो, दहा मिनिटांत काम होतं. भोकांच्या आतली कड पण विसरू नका, काडेपेटीच्या काडीने लावा.

वरून क्लिअर कोट हवाच, कारण एपॉक्सी उन्हात पिवळी पडते, यूव्ही अडवणारा कोटच तिला वाचवतो. टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा कोट, घरी मारायचा विचार करू नका, त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याला एन ९५ चालत नाही. ओळखीच्या पेंटरकडे पार्ट द्या, म्हणावं कुठलीतरी दुसरी गाडी मारताय तेव्हा दोन हात यावर पण मारा. पार्ट देण्याआधी थिनरने नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

बोल्ट, वायसर, आवळणे

कार्बन आणि ॲल्युमिनियम यांचं जमत नाही. दोघं एकमेकांना टेकले आणि मध्ये ओलावा आला, त्यात मीठ असलं तर अजूनच, की ॲल्युमिनियम सडतं, पांढरी पावडर धरते. मुंबईत, रत्नागिरीला, गोव्याला गाडी असेल तर हे फार लवकर दिसतं. म्हणून ते लाल-निळे-सोनेरी ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचे बोल्ट कार्बनवर लावू नका, कितीही भारी दिसत असले तरी. स्टेनलेसचे लावा, खाली नायलॉनचा किंवा रबराचा मोठा वायसर, आणि पार्ट जिथे ॲल्युमिनियमच्या स्विंगआर्मला टेकतो तिथे मध्ये पातळ रबर किंवा जाड पारदर्शक टेप.

आवळण्याचं गणित असं. भोकात धातूचा बुश असेल आणि बोल्टचा जोर बुशवर येत असेल, तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) आवळा, कार्बनवर काही येत नाही. बुश नसेल, बोल्ट सरळ कार्बनला दाबत असेल, तर मी एम५ ला ३ आणि एम६ ला ४-५ न्यूटन मीटरच्या वर जात नाही. मोटरसायकलचा मोठा टॉर्क रेंच एवढं कमी माप नीट दाखवत नाही, सायकलवाल्यांकडे छोटा असतो, त्यांना कार्बनच्या हँडलसाठी लागतो, एखादा सायकलवेडा मित्र गाठा. मध्यापासून सुरू करून बाहेरच्या बोल्टकडे, थोडं थोडं, सगळे सारखे. एवढ्या कमी टॉर्कवर बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून निळं लॉकटाइट २४३ (आटे धरून ठेवणारा ग्लू), एक थेंब, फक्त आट्यांवर. आजूबाजूच्या एबीएस प्लास्टिकला ते लागू देऊ नका, ते प्लास्टिक तडकवतं.

फटी मोजणे

इथे बरेच जण चुकीची फट मोजतात. पुढचं मडगार्ड फोर्कच्या खालच्या भागाला बसतं, चाकाबरोबरच वर-खाली होतं, म्हणजे टायर आणि मडगार्डमधली फट फोर्क दबल्यावर बदलत नाही. बदलतं काय, तर मडगार्ड आणि रेडिएटरमधलं अंतर, मडगार्ड आणि हेडलाइटच्या खालच्या भागामधलं अंतर. जोरात ब्रेक मारला की फोर्क दबतो, मडगार्ड वर-मागे येतं आणि लांबट कार्बनचं मागचं टोक रेडिएटरच्या जाळीत. ते बघायला फोर्कच्या चकचकीत नळीवर एक झिप टाय हलकाच बांधा, एक चक्कर मारून या, दोन-चार कडक ब्रेक मारा. झिप टाय जिथे सरकून थांबला तिथपर्यंत फोर्क दबला. आता पुढे अजून किती दबू शकतो ते मोजा आणि तेवढी जागा वर आहे का बघा. शिवाय हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, ब्रेकचा होज कुठे ताणत नाही ना, मडगार्डच्या कडेला घासत नाही ना.

टायरची फट मात्र सगळ्या घेरभर मोजा, एका जागी नाही. लहान मुलांच्या खेळातली क्ले घेऊन मडगार्डच्या आतून तीन-चार ठिकाणी गोळे चिकटवा, गाडी ढकला, जिथे क्ले घासली तिथे जाडी व्हर्नियरने मोजा. पुढे मी ८ एमएमच्या खाली जात नाही. टायर स्पीडला थोडा फुगतो, वर चिखल आणि खडी अडकते, आणि पुढचं चाक मडगार्डने धरलं तर काय होईल ते सांगायला नको.

मागे हगर स्विंगआर्मला बसतो, तिथे पण तोच नियम, स्विंगआर्म वर आल्यावर हगर शॉक ॲब्सॉर्बरला आणि सीटच्या खालच्या भागाला लागतो का ते बघायचं. त्यासाठी दोन वजनदार मित्र बसवा, एक चहा लागेल फक्त. पण हगरमध्ये अजून एक भानगड आहे, चेन ॲडजस्ट करताना चाक पुढे-मागे सरकतं, म्हणजे टायरची फट बदलते. नवीन चेन टाकल्यावर चाक पुढे असतं, तेव्हा फट सगळ्यात कमी, तर ती स्थिती धरून मोजा. टायर झिजलेला असेल तर नवीन टायर टाकल्यावर घेर वाढणार, तेवढे ५-६ एमएम पण धरा. माझ्या गाडीला मागे १५०/६० चा टायर आहे, १६० टाकणाऱ्यांनी हगर आधी बसवून मग टायर बदलला की हमखास बाजूने घासतो. चेनच्या बाजूला चेन हाताने वर उचलून बघा, ती हगरला टेकता कामा नये. मागच्या ब्रेकचा होज जुन्या पार्टच्या क्लिपात असेल तर नव्यात पण क्लिप हवी, झिप टायवर भागवू नका. सायलेन्सरच्या जवळ काही येत असेल तर आतून हीट टेप लावा.

आणि हगर लावला म्हणून साडी गार्ड काढून टाकू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याची सोय असलेल्या गाडीला निम्मं तरी मागचं चाक झाकणारं संरक्षण हवं, आणि नियम बाजूला ठेवा, मागे ओढणीवाली बसली तर हगर तिला वाचवत नाही.

सगळं आवळून झालं की प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून पार्टवर एक बारीक पांढरी मार्करची रेघ मारा, बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. पहिल्या ५० किलोमीटरनंतर बघा, मग खंबाटकीसारखा एखादा घाट करून आल्यावर बघा. आतल्या बाजूने टॉर्च मारून चमकणारी घासलेली पट्टी दिसते का, बोल्टभोवती क्लिअर कोटमध्ये पांढरी कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ दिसते का. दिसली तर तो बोल्ट लगेच ढिला करा, पार्ट ताणात बसलाय, ते भोक अजून अर्धा एमएम ओढावं लागणार.

जुनं प्लास्टिकचं मडगार्ड विकू नका. पेपरात गुंडाळून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाईक ओरिजिनलच मागतं, तेव्हा कार्बनमधले बुश काढून परत त्यात घाला, नवे बुश वेगळे मागवले की महाग पडतात.